हृदयविकारानंतरचा व्यायाम : शरीरात काय बदलते आणि सुरुवात कोणत्या क्रमाने करावी

अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘पंपिंग किती आहे?’ टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमधला तो आकडा, म्हणजे डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते त्याचे प्रमाण, घरातल्या सगळ्यांना पाठ असते. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० टक्के असते. व्यायामाने हा टक्का किती वाढेल, असे विचारणाऱ्यांना खरे उत्तर द्यायचे तर तो बहुतेकांत फारसा वाढत नाही. आणि तरीही तोच माणूस तीन महिन्यांच्या शिस्तशीर व्यायामानंतर पूर्वीपेक्षा बराच अधिक चालू शकतो आणि कमी दमतो. ही गोष्ट नीट उमगली, तर व्यायाम कसा सुरू करावा, किती वाढवावा आणि प्रगती कशावरून ओळखावी, यातले बरेच गोंधळ आपोआप मिटतात. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या, नुकत्याच या वाटेला लागलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

बदल नेमका कुठे होतो

चालताना किंवा जिना चढताना दम लागतो तो केवळ हृदय कमी पडते म्हणून नव्हे. आजारपणात आठवडेच्या आठवडे झोपून राहिलेल्या माणसाच्या मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतात, त्यांतील केशवाहिन्यांचे जाळे विरळ होते, आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या व क्षमता घटते. असे स्नायू रक्तातून पुरेसा प्राणवायू उचलू शकत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी त्यांना अधिक रक्त लागते आणि तो भार शेवटी हृदयावर जातो. पाण्याचा दाब कमी म्हणून सोसायटीत पंप बदलण्याची चर्चा चालावी आणि दोष निघावा गंजलेल्या पाइपांत, असा हा प्रकार आहे. नियमित व्यायामाने सर्वाधिक सुधारणा होते ती या स्नायूंत. शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकते, हे माप हृदयरुग्णांत काही महिन्यांच्या प्रशिक्षणाने साधारण १० ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंनी रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेण्याचा असतो.

दुसरा बदल रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात होतो. रक्ताचा प्रवाह वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिनी सैलावते. हृदयविकारात ही क्षमता मंदावलेली असते, आणि व्यायामात वारंवार वाढणाऱ्या प्रवाहामुळे ती काही प्रमाणात परत येते. जुने अडथळे मात्र व्यायामाने ‘विरघळून’ जात नाहीत. तसा दावा करणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात, ते वाचून सोडून द्यावेत.

तिसरा बदल रुग्णाला स्वतःला बोटांनी मोजता येतो. व्यायामाने विश्रांतीच्या वेळची नाडी संथ होते आणि ठराविक काम करताना नाडी व रक्तदाब दोन्ही पूर्वीपेक्षा कमी वाढतात. हृदयाच्या स्नायूला त्या क्षणी किती प्राणवायू हवा आहे, याचा ढोबळ अंदाज नाडीचे ठोके आणि वरचा रक्तदाब यांच्या गुणाकाराने करता येतो. समजा, नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोहोचताना एखाद्याची नाडी १२० आणि वरचा रक्तदाब १६० होतो, गुणाकार १९,२००. त्याच्या छातीत भरून येणे साधारण १८,००० ला सुरू होत असेल, तर शेवटच्या काही पायऱ्या त्याला कठड्याला धरून थांबावेच लागेल. तीन महिन्यांनी तोच जिना त्याच वेगाने चढताना नाडी १०४ आणि रक्तदाब १५० भरला, तर गुणाकार १५,६०० होतो आणि तो न थांबता दाराशी पोहोचतो. त्याच्या अडथळ्यांत कदाचित काहीच फरक पडलेला नसेल. त्याच कामाची हृदयाला पडणारी किंमत मात्र घटली आहे.

याखेरीज रक्तदाब काही अंकांनी उतरतो, इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी होतात, आणि हृदयाला शांत ठेवणाऱ्या मज्जासंस्थेचा प्रभाव वाढतो. हे फायदे खरे असले तरी त्यासाठी गोळ्या बंद करता येत नाहीत.

अंथरुणाची किंमत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. १९५२ मध्ये अमेरिकेतील लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा तेवढेही धाडसाचे वाटले होते. पुढे १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवण्यात आले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झालेली हानी तीस वर्षांच्या वयवाढीने झालेल्या हानीपेक्षा जास्त होती.

आपल्याकडे ही जुनी पद्धत रुग्णालयांतून गेली, घरांतून गेलेली नाही. ‘अहो, तुम्ही बसा, पाणी मी आणून देते’ आणि ‘बाबा, उठू नका, मी दार उघडतो’ यांत माया असते, पण दिवसभरातल्या अशा दहा-वीस उठण्या-बसण्यांतूनच पायांचे स्नायू टिकत असतात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर पाणी स्वतः घ्यावे आणि दार स्वतः उघडावे.

पहिली पायरी : परवानगी आणि चाचणी

डिस्चार्ज कार्ड आणि इकोचा रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: उपचार न केलेला एखादा अडथळा शिल्लक आहे का, ठोक्यांच्या अनियमिततेचा धोका आहे का, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट कधी करता येईल, आणि तोपर्यंत नाडी कितीपर्यंत जाऊ द्यावी. ही चाचणी रोजच्या गोळ्या चालू ठेवून केली, तरच तिच्यातून निघणारे आकडे व्यायामासाठी उपयोगी पडतात, म्हणून गोळ्या घ्यायच्या की नाहीत हे आधी विचारून घ्यावे.

पुढील परिस्थितीत व्यायाम सुरू करू नये: विश्रांती घेतानाही छातीत दुखणे किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत जाणे, विश्रांतीच्या वेळी वरचा रक्तदाब १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर असणे, ताप, आटोक्यात नसलेली ठोक्यांची अनियमितता, महाधमनीची झडप तीव्र आकुंचित होऊन त्रास होत असणे, आणि पाय सुजून धाप वाढत असणे. यांतले काही असेल तर आधी उपचार, मग व्यायाम.

बायपास झालेल्यांना एक स्वतंत्र पथ्य आहे. छातीचे मधले हाड सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत जड पिशव्या, पाण्याने भरलेली बादली किंवा नातवंड उचलू नये, हातांवर भार देऊन अंथरुणातून उठू नये, आणि दुचाकी चालवू नये. चालायला मात्र या काळात कसलीच आडकाठी नसते. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने काही दिवस वजन उचलू नये, एवढेच.

दुसरी पायरी : देखरेख

शक्य असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे हृदय-पुनर्वसनाच्या कार्यक्रमात, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम करावा. आपल्यावर उपचार झालेल्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे डिस्चार्ज घेतानाच विचारावे, कारण आपण होऊन कोणी सांगेलच असे नाही. पंपिंग ४० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांनी, छातीत डिफिब्रिलेटर (ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) बसवलेल्यांनी आणि स्ट्रेस टेस्टमध्ये दोष आढळलेल्यांनी तर एकट्याने सुरुवात करूच नये. देखरेखीखालचा व्यायाम बराच सुरक्षित आहे. अशा कार्यक्रमांत हृदय बंद पडण्याची घटना रुग्णांच्या व्यायामाच्या सुमारे एक लाख तासांमागे एखादी, इतकी विरळ असते.

या कार्यक्रमांतून स्त्रिया बऱ्याचदा गळतात. त्यांना अशा कार्यक्रमांची शिफारसच कमी होते, आणि झाली तरी ‘घरात दिवसभर कामच असते की’ म्हणून ती बाजूला पडते. ओट्याशी उभे राहून केलेल्या कामाने थकवा येतो, पण सलग वीस-तीस मिनिटे नाडी ठराविक मर्यादेत राहत नाही, म्हणून ते या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी पायरी : नाडी आणि जाणीव

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते. तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करावेत. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच घेतलेली नाडी वहीत लिहून ठेवावी.

स्ट्रेस टेस्ट झालेली असेल तर हिशोब सोपा असतो. समजा, विश्रांतीची नाडी ७० आहे आणि चाचणीत ती १३० पर्यंत गेली. फरक ६०. सुरुवातीला या फरकाच्या ४० ते ६० टक्के, म्हणजे २४ ते ३६, विश्रांतीच्या नाडीत मिळवावेत. म्हणजेच ९४ ते १०६ ही आपली मर्यादा. चाचणीत १०६ च्या आधीच छातीत दुखले असेल किंवा ईसीजीच्या आलेखात दोष दिसला असेल, तर ती नाडी ज्या आकड्यावर होती त्याच्या किमान दहा ठोके खाली राहावे. चाचणी झालेली नसेल तर विश्रांतीच्या नाडीपेक्षा २० ते ३० ठोके जास्त, एवढीच मुभा घ्यावी. ‘२२० वजा वय’ हे जिममध्ये ऐकू येणारे सूत्र येथे वापरू नये, कारण मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत आणि त्या सूत्रामागे धावणारा रुग्ण झेपेल त्याच्या पलीकडे जातो.

नाडी अनियमित असलेल्यांना, म्हणजे ‘एएफ’ (एट्रियल फिब्रिलेशन) असलेल्यांना, ठोके मोजून नेमका अंदाज येत नाही. त्यांनी, आणि खरे तर सर्वांनीच, श्रमाच्या जाणिवेकडे लक्ष द्यावे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली आहे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून अधिक शक्य नाही. आपल्याला ११ ते १३, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे कष्टाचे’ या पट्ट्यात राहायचे आहे. मोजपट्टी लक्षात राहत नसेल तर सोबत्याशी बोलून पाहावे: पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही, आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करावा.

चौथी पायरी : जागा आणि वेळ

सुरुवातीला सपाट, बसायला बाक असलेली आणि माणसांची वर्दळ असलेली जागा हवी. ठाण्यात कचराळी तलावाभोवतीचा रस्ता यासाठी चांगला आहे. तलावपाळीलाही चालता येते, पण संध्याकाळी तिथे चालणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांची गर्दी जास्त असते आणि वेग टिकत नाही. येऊरचा चढ पहिल्या काही महिन्यांत टाळावा. मित्रमंडळींचा आग्रह असतो, तो मोडावा. नवी मुंबईकरांना नेरुळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि खारघरचे सेंट्रल पार्क सोयीचे आहे. पारसिक हिलचा रस्ता मात्र येऊरसारखाच पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा. घोडबंदर रोड किंवा पाम बीच रोडच्या कडेने, वाहनांच्या धुरात चालणे हृदयरुग्णाला मुळीच हिताचे नाही.

आपल्याकडची खरी अडचण थंडीची नसून दमटपणाची आहे. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिल-मे महिन्यांत घाम येतो पण वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि त्याच चालण्याला नाडी दहा-पंधरा ठोके जास्त भरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी चक्कर येऊ शकते. या दिवसांत ऊन चढण्याआधी चालावे आणि अंतरावर नव्हे, नाडीवर लक्ष ठेवावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पदपथापेक्षा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये किंवा पोडियमवर फेऱ्या माराव्यात. कंटाळवाणे आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना घसरून पडणे महागात पडते. जेवणानंतर किमान दीड-दोन तास व्यायाम करू नये.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष चालणे

पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरेसे आहे. त्यानंतर दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवत सहा ते आठ आठवड्यांत सलग तीस ते चाळीस मिनिटांपर्यंत, आठवड्यातील किमान पाच दिवस, पोहोचावे. आधी वेळ वाढवावी, मग वेग, आणि चढ सर्वांत शेवटी. सलग चालवत नसेल त्याने तीन मिनिटे चालून एक मिनिट थांबावे. असे तुकड्यातुकड्यांनी केलेले चालणेही स्नायूंच्या खाती जमा होते.

सुरुवातीची आणि शेवटची पाच ते दहा मिनिटे संथ चालण्यासाठी राखावीत, आणि घाईत असलेले लोक नेमका हाच भाग गाळतात. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. जोरात चालता चालता एकदम बाकावर बसले, तर ते ढकलणे थांबते, रक्त पायांत साठते, रक्तदाब कोसळतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांत हे अधिक होते, आणि ठोके बिघडण्याचा धोकाही याच काही मिनिटांत असतो. म्हणून तलावाची शेवटची अर्धी फेरी रमतगमत पूर्ण करावी आणि नाडी विश्रांतीच्या जवळ आल्यावरच बसावे. लगेच गरम पाण्याने आंघोळ करू नये.

जिना हा वेगळा विषय आहे, कारण एक मजला चढणे हे सपाटीवरच्या साध्या चालण्यापेक्षा अधिक श्रमाचे असते. सुरुवातीला एक मजला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढावे. ठाणे स्टेशनच्या पुलावर मागून लोंढा येत असताना आपला वेग राखता येत नाही, म्हणून कामावर परतल्यावर पहिले काही आठवडे सरकता जिना किंवा लिफ्ट वापरावी आणि एखादी लोकल सोडून द्यावी.

सहावी पायरी : स्नायूंची ताकद

चालणे अंगवळणी पडल्यावर, आणि बायपास झालेल्यांनी हाड सांधल्याची खात्री झाल्यावर, आठवड्यातून दोन दिवस हलके वजन उचलावे. अर्धा किंवा एक लिटर पाण्याची बाटली पुरते. दहा ते पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढेच वजन घ्यावे, आणि उचलताना श्वास सोडावा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात भरमसाट वाढतो. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठून बसणे हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे.

कधी थांबावे

छातीत दाब, आवळल्यासारखे होणे, तीच वेदना जबड्यात, खांद्यात किंवा हातात जाणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, किंवा धडधड यांपैकी काहीही झाल्यास तत्क्षणी थांबून बसावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नये. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवावी, कारण ती उभ्याने घेतल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) औषधे घेतलेली असताना सॉर्बिट्रेट घेऊ नये. पाच मिनिटांत दुखणे पूर्ण गेले नाही तर १०८ वर फोन करावा. रिक्षा करून स्वतः रुग्णालयात जाऊ नये, दुचाकीवरून तर नाहीच. गोळी, डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलमधील फोटो आणि घरच्यांचा क्रमांक चालताना जवळ असावा.

हृदयाची ताकद कमी असलेल्यांनी रोज सकाळी वजन पाहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसून साठलेले पाणी असते, आणि त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांना कळवावे. डिफिब्रिलेटर असलेल्यांनी तो किती ठोक्यांना झटका देतो हे विचारून घ्यावे आणि त्याच्या दहा ते वीस ठोके खालीच राहावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी.

प्रगती कशावर मोजावी

२००४ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथील डॉक्टरांनी स्थिर हृदयविकार असलेल्या १०१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज वीस मिनिटे सायकलचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ८८ टक्के, तर अँजिओप्लास्टी केलेल्यांपैकी ७० टक्के रुग्ण वर्षभर गंभीर त्रासाविना राहिले. यावरून अँजिओप्लास्टी टाळावी असा निष्कर्ष काढू नये. अभ्यास लहान होता, रुग्ण निवडलेले होते, आणि झटका आलेला असताना तर अँजिओप्लास्टीच जीव वाचवते. स्टेंट बसला म्हणून व्यायामाची गरज संपत नाही, एवढाच त्यातून घेण्यासारखा बोध आहे.

म्हणून दर महिन्याला इको करून टक्का पाहण्याचा खर्च करू नये. त्याऐवजी वहीत तीन नोंदी ठेवाव्यात: सकाळची नाडी, ठराविक अंतराला लागलेला वेळ, आणि ते संपताना भरलेली नाडी. फिजिओथेरपिस्टकडे सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करून घ्यावी. तेच अंतर कमी ठोक्यांत पार पडू लागले, की स्नायू आणि रक्तवाहिन्या सुधारत आहेत असे समजावे, रिपोर्टमधला टक्का जागचा हललेला नसला तरी.

ही कमाई साठवून ठेवता येत नाही. व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच ती उतरू लागते. गणपतीत, लग्नसराईत किंवा तापामुळे दोन आठवडे खंड पडला, तर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरुवात करावी, पहिल्या दिवशी नाडी पाहावी, आणि ती जुन्या मर्यादेत राहत असेल तरच आठवडाभराने वेळ वाढवावी.